नभसारंगाचे चार कच्चे टाके

सर पहिल्यांदा माझ्याकडे आले तेव्हा त्यांच्या हातात रेनकोटचं चंदेरी कापड होतं आणि काखेत एक वही. बिबवेवाडीत आमच्या इमारतीच्या जिन्याखाली माझं मशीन असे. फॉल, पिको, अल्टर, एवढंच काम. सर तिसऱ्या मजल्यावर राहायचे. तोवर आमची ओळख जाता-येता मान हलवण्याएवढी. मी कापड पाहिलं, गळ्यातली टेप काढली आणि माप कुणाचं घ्यायचं ते विचारलं. त्यांनी कापड मागे घेतलं आणि नाटकाची वही पुढे केली. म्हणाले, "आधी हे वाचा. मग माप."

मी सांगितलं, मी चौथी शिकलेली बाई आहे, नाटकबिटक मला वाचता येणार नाही.

"चौथीपर्यंत सगळी अक्षरं शिकवून होतात," ते म्हणाले. "पुढे नवीन अक्षर येत नाही. आमच्या कॉलेजातसुद्धा तीच वापरतात."

वही वाचायला मला अकरा दिवस लागले. रोज संध्याकाळी ते यायचे, मशीनपाशी उभे राहून एक प्रश्न विचारायचे आणि उत्तर चुकलं की कापड घेऊन परत वर जायचे. शनीची कडी कशाची, हा प्रश्न मी तीनदा चुकले. चौथ्यांदा बर्फाची आणि दगडांची असं सांगितलं तेव्हा म्हणाले, "बरोबर. घ्या माप." शाबासकी नाही, काही नाही. मी चाळिशी ओलांडली होती आणि शाळा सुटल्यापासून मला कुणी प्रश्न विचारला नव्हता. जेवायला काय आहे, हा सोडून.

सर गेले त्याला दोन वर्षं झाली. नात म्हणते, त्यांच्याविषयी लिही. लिहिते. पण मग चार टाक्यांचंही लिहावं लागेल. त्या टाक्यांपायी तिच्या हातातलं नाटकातलं काम जायची वेळ आली होती, आणि ते टाके मीच घातले होते.

सर शिक्षक नव्हते. एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत सहायक होते, नळ्या धुऊन, मुलांच्या पुढ्यात मांडून निवृत्त झाले. पण मुलं त्यांना सर म्हणायची आणि मुलांचं ऐकून इमारतही म्हणायला लागली. चहाचा कप हातात दिला तरी आधी उजेडात धरून पाहायचे. दारावर त्यांनी पाटी लावली होती: "बेल एकदाच वाजवावी. आतला माणूस चालत येतो." घरात सूर्य उगवला असं म्हणायची सोय नव्हती; पृथ्वी वळली म्हणायचं. त्यांच्या बायकोने हे चाळीस वर्षं सोसलं. एकदा सकाळी मी पिकोची साडी द्यायला गेले होते, तर त्या सरांच्या अंगावरची चादर ओढत म्हणत होत्या, "अहो, पृथ्वी वळली. आता तुम्हीही वळा आणि दूध आणा."

दर मे महिन्यात सर मुलांचं नाटक करायचे. नायक एकच, नभसारंग. बारा वर्षांचा मुलगा, यानात बसून या ग्रहावरून त्या ग्रहावर जायचा आणि अडलेल्यांना सोडवायचा. दर वर्षी नवी गोष्ट, नायक तोच. अशी पंचवीसएक वर्षं झाली तरी नभसारंग बाराच वर्षांचा. फार वेगाने प्रवास करणाऱ्याचं वय हळू वाढतं, असं सरांचं म्हणणं होतं आणि ते शास्त्रात आहे म्हणे. मी म्हटलं, वयाचं समजलं, पण दर दोन-तीन वर्षांनी त्याचं नाक कसं बदलतं? सरांनी कापड माझ्या पुढ्यात सरकवलं. म्हणाले, "बाई, तुम्ही शिवा."

शास्त्राबाहेरचं एक वाक्य ते चालू देत नसत. अंतराळात हवा नाही, म्हणून आवाज नाही, म्हणून नाटकातल्या मारामाऱ्या मुक्या. पहिल्या वर्षी राक्षस पडताना तबलेवाल्याने सवयीने थाप मारली. सर पडदा न पाडता रंगमंचावर आले, प्रेक्षकांना म्हणाले, "चूक झाली, तिथे आवाज नसतो, क्षमा करा," आणि राक्षसाला पुन्हा पडायला लावलं. पुढे लोकांना सवय झाली. मारामारी सुरू झाली की आख्खं सभागृह गप्प. बायका मला सांगायच्या, आम्ही पोरांना एवढ्यासाठीच आणतो, वर्षातली तेवढीच दहा मिनिटं ती गप्प बसतात.

आणि वही सगळ्यांनी वाचायची. नट, पडदा ओढणारा, चहावाला, सगळ्यांनी. सामान नेणाऱ्या टेम्पोवाल्याला त्यांनी गुरूला चंद्र किती ते विचारलं, तो पुन्हा आलाच नाही. त्या वर्षी आम्ही यान दोन रिक्षांत घालून नेलं. उत्तर येत नसेल तर त्यांना एकच वाक्य चालायचं, माहीत नाही. "माहीत नाही म्हणा," ते सांगायचे, "त्याच्या पुढे जाता येतं." ठोकून दिलेलं उत्तर त्यांना शिवीसारखं लागायचं.

नवा नभसारंग निवडायची त्यांची एक रीत होती. मुलाचा आवाज फुटला की त्याने उतरायचं. एकाचा तर चालू प्रयोगात फुटला. "पृथ्वीवासीयांनो" म्हणायला सुरुवात केली मुलाने आणि संपवलं काकाने. मग नव्यासाठी अर्ज मागवायचे. निवड सर करत नसत, जुने नभसारंग करत. पण चेहरा पाहून नाही. उमेदवाराला आतल्या खोलीत मी तो चंदेरी सूट चढवायची, हेल्मेट घालायची, छातीवर आकडा लावायची. त्याने बाहेर येऊन खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चंद्रावरचं चालून दाखवायचं, चार वाक्यं बोलायची. अंतराळात नाकडोळे कुणाला दिसतात, सर म्हणायचे. आत कोण आहे हे फक्त मला माहीत असे, आणि मी कुणाला सांगत नसे. तेवढा माझा मान होता त्या मंडळीत.

चालण्यापाशी मात्र सर दर वेळी हरायचे. चंद्रावर वजन कमी, तिथे चालता येत नाही, हलक्या उड्या माराव्या लागतात, हे ते प्रत्येक पोराला सांगायचे, स्वतः मारून दाखवायचे. साठीनंतर तर पाहवत नसे. पोरं मान हलवायची आणि छाती काढून, ढांगा टाकत मंडईत निघाल्यासारखी चालायची. नायकाने उड्या मारायच्या, याची त्यांना लाज वाटायची.

टाके घातले त्या वर्षी माझी नात अकरा वर्षांची. शाळा सुटली की माझ्या मशीनपाशी बसायची, मला अडलेला शब्द वाचून दाखवायची. त्या वर्षी सर अर्जाचा कागद भिंतीला चिकटवत होते. तिने विचारलं, "सर, मुलगाच का?"

सर कागद चिकटवून वर गेले. मला वाटलं, उडवून लावलं. आठ दिवसांनी खाली आले, हातात कागदाचा गठ्ठा. हे आठ दिवस त्यांनी त्याच प्रश्नात घालवले होते. ओळखीच्या डॉक्टरांना विचारलं, कॉलेजच्या जुन्या प्राध्यापकांना फोन केले, ग्रंथालयात जाऊन बसले. नातीसमोर उभे राहून म्हणाले, "मुलगी यान चालवू शकणार नाही याला शास्त्रीय कारण शोधलं. सापडलं नाही. मी मुलगा धरून लिहिलं कारण मला दुसरं सुचलं नाही. ती माझी चूक. अर्ज दे."

ही बातमी जुन्या नभसारंगांना कळली आणि रविवारी ते सरांकडे आले. पाच जण. एके काळी मी ज्यांच्या बाह्यांना काजं केली, ते आता कुणी पोट सुटलेले, कुणी चष्मेवाले. बोलत होते दोघेच. एक पहिला नभसारंग, त्याचं जवळच पंखे-मिक्सर दुरुस्तीचं दुकान आहे. दुसरा हिंजवडीला कंपनीत आहे. सभागृह मिळवायचं, तिकिटं खपवायची, सामान न्यायचं, हे सगळं आता तेच करायचे. सरांच्या गुडघ्यात काही राहिलं नव्हतं. चहा द्यायला मी होते म्हणून ऐकलं.

हिंजवडीवाल्याचं म्हणणं असं की नभसारंग हा आमचा आहे, आम्ही त्याच्यासारखे व्हायला धडपडलो. आज तो मुलगी झाला तर आमच्या पोरांनी कुणाकडे पाहायचं. मुलींसाठी वेगळं पात्र लिहा ना सर, चांगलं दमदार. नभसारंगाची बहीण आणा.

"बहीण आणली की तिच्या हातात डबा येतो," सर म्हणाले. "पुढच्या अंकात तिला कुणीतरी पळवतं. मी नाटकं पाहिली आहेत."

पहिला नभसारंग म्हणाला, सर, लोक हसतील. सर म्हणाले, लोक तुलाही हसले होते, तुझी चेन अर्धी उघडी होती. यावर त्यांची बायको आतून हसली आणि बोलणं तिथेच तुटलं. जाताना हिंजवडीवाल्याने जिन्यात मला ऐकू येईल असं सांगितलं, की निवडीच्या परीक्षेला येऊ, पण मुलगी नभसारंग झाली तर या वर्षी सभागृहाचं सरांनी बघावं. आम्ही मोकळे.

मला कुणी विचारलं नव्हतं, पण माझं मत होतं. नभसारंग मुलगाच असावा असं मलाही वाटायचं. एवढी वर्षं मुलगाच पाहिला होता. याहून मोठं कारण माझ्याकडे नव्हतं. आणि दुसरं असं की जिन्यातलं ते बोलणं माझ्या डोक्यात बसलं. हे पाच जण सुटले तर नाटक बंद. सर त्यावर जगत होते. आणि बंद पडलं कुणामुळे, तर शिवणाऱ्या बाईच्या नातीमुळे. नातीला समजावलं, अर्ज मागे घे. ती म्हणाली, सरांनी कारण शोधलं, सापडलं नाही, तुझ्याकडे असेल तर सांग. माझ्याकडे नव्हतं.

परीक्षेच्या दिवशी सहा उमेदवार होते, पाच मुलगे आणि ती. तिचा आकडा पाच. सरांच्या बाहेरच्या खोलीत खुर्च्यांवर जुने नभसारंग बसले होते, सर कोपऱ्यात. आत मी एकेकाला सूट चढवत होते. तिची पाळी आली. मी सूट घातला, चेन लावली, हेल्मेट चढवलं. मग खाली बसले, म्हटलं थांब, इथे शिवण उसवली आहे, आणि दोन्ही पायांचं कापड गुडघ्यापाशी एकत्र धरून चार कच्चे टाके घातले. हेल्मेटमधून खाली दिसत नाही, हे मला माहीत होतं. पाऊल पुढे टाकता येणार नाही, अडखळेल, पडेल, पोरं हसतील, आणि आम्ही दोघी घरी जाऊ. पडली तरी डोक्याला लागणार नाही, एवढा विचार मी केला होता. याला कुणी काय म्हणायचं ते म्हणा.

"पाच नंबर," बाहेरून सर म्हणाले.

ती दारात गेली. पाऊल टाकायला गेली, ते निघेना. तिने खाली पाहायचा प्रयत्न केला. मी दाराआड उभी होते, पुढे गेले नाही. मग तिने दोन्ही हात अंगापासून लांब केले, तोल पाहिला, आणि दोन्ही पायांवर उडी मारली. छोटीशी. थांबली. पुन्हा एक. घाई नाही. प्रत्येक उडीनंतर हात हळू खाली येत होते. अशी ती खोलीच्या त्या टोकाला गेली आणि वळताना चार लहान उड्यांत वळली. चार वाक्यंही बोलली; हेल्मेटमधून त्या वयाच्या सगळ्यांचा आवाज सारखाच. सर खुर्चीतून उठून उभे राहिले होते. पंचवीस वर्षं ज्याच्यासाठी घसा कोरडा केला, ते त्यांच्यासमोर चाललं होतं.

तिला आत तशीच बसवून सहाव्याला मी ठेवणीतला जुना सूट आणि हेल्मेट चढवलं, तोही झाला. पाच जणांनी आपापल्या चिठ्ठ्या दिल्या. सरांनी उघडल्या. पाचही चिठ्ठ्यांवर पाच आकडा. मी तिला बाहेर आणलं आणि हेल्मेट काढलं.

कुणी ओरडलं नाही. हिंजवडीवाला एवढंच म्हणाला, "बाईंची नात."

ते "बाईंची" त्याने असं म्हटलं की मला सगळ्यांचा विचार कळला. सूट चढवणारी मी, आकडा लावणारी मी, आणि निवड माझ्या नातीची. मीच तिला आत काहीतरी शिकवलं असणार. मी गप्प राहिले असते तर तोच संशय तिच्या डोक्यावर राहिला असता आणि काम हातचं गेलं असतं. खरं सांगितलं तरी जायचंच होतं. मग खरं सांगितलं. म्हटलं, मी तिला मदत केली नाही. तिने पडावं म्हणून पायाला टाके घातले. बघा.

सगळ्यांनी तिच्या गुडघ्यांकडे पाहिलं. तिनेही पाहिलं. चंदेरी कापडावरचा पांढरा दोरा, सांगितल्यावर लांबूनही दिसत होता.

"मला वाटलं सरांची अट असेल," ती म्हणाली. माझ्याकडे पाहून नाही, सरांकडे पाहून.

हिंजवडीवाला म्हणाला, "मग ही निवड रद्द होते सर. चीटिंग झालं."

"झालं," सर म्हणाले. "कुणी केलं?"

"बाईंनी."

"कुणाविरुद्ध?"

तो दोऱ्याकडे पाहायला लागला.

"तिच्याच विरुद्ध," सर म्हणाले. "पण तुझा मुद्दा बरोबर आहे. बांधलेल्या पायांनी उडी कुणीही मारेल. मोकळ्या पायांनी मारते का, ते माहीत नाही. पाहू." आणि तिला म्हणाले, "टाके काढून पुन्हा."

मी कात्री आणायला वळले. तिने वाट पाहिली नाही. कच्चे टाके ते; एक पाय जोरात पुढे टाकला आणि चारही तुटले. हेल्मेट तिने स्वतःच घातलं. मग भिंतीपाशी गेली, ढांगा टाकत सरळ चालता आलं असतं, आणि चालली नाही. हात लांब केले, तोल पाहिला आणि उडी मारली. आता पाय मोकळे होते म्हणून उडी आधीपेक्षा उंच गेली आणि उतरताना गुडघे वाकले. सर पुटपुटत होते, असं, असं.

ती पोचली तेव्हा पहिला नभसारंग उठला. आपल्या पोटाकडे बघत म्हणाला, "म्हणजे मी तीन वर्षं चुकीचा चाललो."

"मी तेव्हाच सांगितलं होतं," सर म्हणाले.

"मग आमची चिठ्ठी तीच, सर. पाच." आणि हिंजवडीवाल्याकडे वळून म्हणाला, "सभागृहाचं मी बघतो. तू सुट्टी घे एक वर्ष."

हिंजवडीवाल्याने खरंच घेतली. त्या वर्षी तो फिरकला नाही. बाकीचे तिघं आले, कुरकुरत आले, पण यान उचललं. प्रयोगाला थोडे लोक हसले. मग मुकी मारामारी सुरू झाली आणि नेहमीसारखे गप्प बसले. एक अडचण सरांच्या ध्यानात नंतर आली, की मुलीचा आवाज मुलासारखा फुटत नाही, तर हिने उतरायचं कधी. मंडळींनी विचारलं तेव्हा म्हणाले, "माहीत नाही. तिला विचारा." तीन वर्षांनी तिचं तीच सांगून उतरली. तिच्यानंतर पुन्हा मुलगा आला, आणि तो मात्र उड्या मारत आला. त्याने आधीचा नभसारंग पाहिला होता.

परीक्षेच्या त्या दुपारी जिना उतरताना नातीने विचारलं, "मी पडावं म्हणून घातलेस?"

मी हो म्हटलं.

"घरीच सांगायचं ना, पडशील म्हणून."

सांगितलं असतं तर तू आली नसतीस का, मी विचारलं. ती म्हणाली, आलेच असते, पण मला माहीत असतं. पुढे नऊ दिवस ती माझ्याशी बोलली नाही. केलेलं जेवायची, ताट घासायची, बोलायची नाही. तिच्या जागी मी असते तर जास्त दिवस लावले असते.

सरांकडे मी दुसऱ्याच दिवशी सूट घेऊन गेले. बेल एकदाच वाजवली. ते आले. मी म्हटलं, हा घ्या, यापुढे या सुटाला मी हात लावणार नाही.

"का, बोटं दुखतात?"

मी म्हटलं, बोटांना काही झालं नाही. माझ्या हातून वाईट काम झालं. तुमच्याकडे मान होता तो मी ठेवला नाही.

"ते काल सगळ्यांसमोर सांगितलंत," सर म्हणाले. "कुणी विचारलं नसताना सांगितलंत. झालं की." सूट त्यांनी हातात घेतलाच नाही. "आता गुडघ्याशी कापड जरा सैल घ्या. तिला उड्या मारायच्या आहेत. आणि नवी वही शुक्रवारी देतो, या वेळी पानं जास्त आहेत."

त्यानंतर सर चार वर्षं होते. माझ्या शिवणकामाची त्यांनी चेष्टा केली, माझ्या वाचनाची केली, शनीच्या कड्यांची तर दर दिवाळीला करायचे. त्या चार टाक्यांचं नाव त्यांनी एकदाही काढलं नाही.